आर्णीत आधी बसायचं, मग उघडायचं

यवतमाळला निघायच्या आदल्या दिवशीच मी माझा अहवाल लिहून ठेवला होता. तपासणीला जाण्याआधी निकाल लिहिणारी मी काही पहिली बाई नसेन, पण चारचौघांत कबूल करणारी बहुधा पहिलीच असेन.

दवाखान्यातली यंत्रं चालती ठेवणं हा माझा धंदा. आम्हाला बायोमेडिकल इंजिनियर म्हणतात, म्हणजे कागदावर म्हणतात. वॉर्डात 'ती मशीनवाली बाई आली' एवढीच आमची ओळख. सव्वीस वर्षं मी पुण्यात हे काम करते आहे आणि माझा स्वभाव असा की यंत्र दिसलं की हातात स्क्रू-ड्रायव्हर. आमच्या लोकांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, ती जगभरातल्या प्रशिक्षण संस्थांना मान्यता देते. यवतमाळ जिल्ह्यात आर्णीजवळ कुणी 'आंतरराष्ट्रीय अकादमी' काढली आहे, त्यांचा अर्ज आला आणि त्यातल्या त्यात जवळची म्हणून संघटनेनं मला धाडलं. नियमाप्रमाणे अशा संस्थेकडे चौदा प्रकारची तपासणी-उपकरणं लागतात. यांच्याकडे होती पाच. वर पत्त्यात लिहिलेलं, 'जुना जिनिंगचा शेड', म्हणजे कापसातून सरकी काढायची जागा. मी हसले आणि लिहून टाकलं, मान्यतेस पात्र नाही. आता फक्त जाऊन सही करायची बाकी होती.

यवतमाळ, सोमवार

एसटी स्टँडवर मला घ्यायला अकादमीचे संस्थापक स्वतः आले होते. प्रल्हादसर. पन्नाशीचा, सावळा, बुटका माणूस, पांढरा दुपट्टा डोक्याला गुंडाळलेला. नमस्कार केला आणि दुसरा एक दुपट्टा माझ्यापुढे धरला.

"बांधून घ्या मॅडम. अन् हा कांदा पर्समंधी ठेवा."

मी म्हटलं, "अहो, आम्ही पुण्याच्या बायका स्कूटरवर जन्मभर स्कार्फ बांधतो. उन्हाचं मला नका सांगू."

"तुमचं ऊन वेगळं, आमचं वेगळं," ते म्हणाले आणि दुपट्टा जीपच्या सीटवर ठेवून दिला.

एप्रिलचा पहिला आठवडा होता. सकाळचे दहा वाजले होते आणि डांबर चपलेला चिकटत होतं. आर्णीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना कापसाची रिकामी शेतं, उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग, मधूनच पान झडलेला साग. सगळं इतकं उघडं आणि इतकं मोठं की आपण बोलायचं विसरतो. पुण्यात कुठंही उभं राहिलं तरी नजर कशाला तरी अडते. इथे अडायला काही नव्हतं. अर्ध्या वाटेत मला भोवळ आली. सरांनी जीप कडुनिंबाखाली लावली, पाणी दिलं आणि दुपट्टा पुन्हा पुढे केला. यावेळी मी मुकाट्यानं बांधला.

आर्णी, त्याच दुपारी

जिनिंगचा शेड म्हणजे खरोखर जिनिंगचाच शेड. छताच्या लोखंडी कैच्यांना अजून कापसाचे तंतू लोंबत होते. खाली ओळीनं यंत्रं मांडलेली: सक्शनची, ईसीजीची, ऑक्सिजनची, आणि प्रत्येकाभोवती दोन-तीन डोकी वाकलेली. त्यात आर्णी-नेरची मुलं-मुली, दोन नेपाळी, एक भूतानचा, तिघं आफ्रिकेतले. भूतानचा मुलगा नेरच्या मुलीला म्हणत होता, "काहून ओढून राह्यली वो? तुटन ना ते." मी जागच्या जागी थांबले. इतक्या दुरून आलेल्या पोराच्या तोंडी इतकी चोख वऱ्हाडी मी स्वप्नातही ऐकली नसती.

दोन वर्षांपूर्वी इथे तीन मुलं होती, दोन टेबलं होती. सरांनी आधी बरीच वर्षं मस्कतला आणि मग मलावीत दवाखान्यांची यंत्रं सांभाळली. तिथल्या प्रत्येक दवाखान्यामागे बिघडलेल्या यंत्रांचा ढिगारा. सुट्टीत गावी आले तर इथेही तसाच ढिगारा. "मंग म्या म्हटलं, ढिगारा सारखाच हाय तं शिकवायचं बी एकाच ठिकाणी," ते म्हणाले. तिकडच्या ओळखीच्या लोकांनी आपली पोरं पाठवली, त्या पोरांनी आपले भाऊबंद सुचवले, आणि बघता बघता एकवीस जण झाले.

मी माझी यादी काढली. चौदातली पाच उपकरणं खरंच होती, आणि ती आरशासारखी स्वच्छ होती. बाकी नऊ नव्हती. मी नऊ फुल्या मारल्या.

मग एका भिंतीवर मला पाट्या दिसल्या. प्रत्येक दुरुस्त यंत्राची एक पाटी. कुठून आलं, काय झालं होतं, आणि खाली एक रकाना: 'कोण बसलं'.

"हे काय?"

"आमचा नेम हाय," सर म्हणाले. "मशीन खोलाच्या आधी तिच्यापाशी एक पूर्ण ड्युटी, सहा तास, बसाचं. हात लावाचा नाही. बोलाचं नाही. कोणी उठवलं तरी उठाचं नाही. नुसतं पाहाचं. मंगच पेचकस, तुमचा स्क्रू-ड्रायव्हर."

"सहा तास? आणि तोपर्यंत पेशंटनं काय करायचं?"

"पेशंटले धोका असन तं मशीन बाजूले घेतो, दुसरी देतो. पण जिथं ती बिघडली, तिथं बसतोच." मग हसून म्हणाले, "आमी तांड्यातले लोक. आमचे आजे बैलाईवर मीठ-धान्य लादून गावोगाव फिरत. आजा सांगे, बैल घ्याचा तं आधी एक दिवस त्याच्यासंग चालाचं. दात पाहून कोणी बी घेते."

मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, चला, एक दिवसाचं काम दोन दिवसांत करायची रीत सापडली. अहवालात तेही लिहायचं ठरवलं.

जेवण सरांच्या घरी, तांड्यावर. त्यांची आई, जिला सगळी अकादमी 'याडी' म्हणते (बंजाऱ्यांच्या गोर बोलीत आई), चुलीपाशी कणकेचे जाडजूड रोडगे भाजत होती. फोडलेल्या रोडग्यात तूप, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. माझ्या डोळ्यांतून पाणी आणि नाकातून धार. माझ्या शेजारी मलावीची ग्रेस बसली होती, तिशीची, उंच, शांत. तिनं माझ्या पानात आणखी एक रोडगा टाकला आणि म्हणाली, "खा मॅडम. मले बी पहिल्या दिवशी असंच झालं."

ग्रेसची गोष्ट सरांनी मला सांगितली. ती तिच्या जिल्ह्याच्या दवाखान्यात भांडारात कारकून होती. तिच्या सरकारनं तिला इकडे पाठवताना एक अट घातली: मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र आणलं तर त्या दवाखान्याची यंत्रं तिच्या हाती, नाहीतर परत भांडारात. तिचा अभ्यासक्रम महिन्याभरात संपणार होता. म्हणजे माझ्या पर्समधल्या कागदावर तिचंही भवितव्य लिहिलेलं होतं. तिला ते ठाऊक होतं, आणि तरी तिनं त्याविषयी एक शब्द काढला नाही.

दवाखान्यात, मंगळवार

गावाचं नाव सांगत नाही. एका ट्रस्टचा छोटा दवाखाना आहे, बाळंतिणींच्या खोलीत एका कोपऱ्यात वॉर्मर. कमी वजनाच्या बाळाला ऊब देणारं हे यंत्र. वर तापणारी कांडी, खाली बाळाची गादी, आणि बाळाच्या पोटावर चिकटवलेला छोटा सेन्सर. बाळ गार पडलं की कांडी आपोआप जास्त तापते. हे वॉर्मर महिनाभर रोज दुपारी बोंब मारत होतं. बाळाचं तापमान उतरतं, कांडी पूर्ण जोरानं तापते, तरी आकडा वर येत नाही. दोनदा कंपनीचा माणूस येऊन गेला, त्याच्यासमोर यंत्र अगदी शहाण्यासारखं चाललं.

ग्रेसचं काम दाखवायला सरांनी मला तिथे नेलं. आम्ही पोचलो तेव्हा अलार्म नुकताच वाजून गेला होता. बाळ आईच्या छातीशी, पदराखाली, सुखरूप होतं. प्रल्हादसरांनी ग्रेसला पुढे केलं. तिनं स्टूल शोधायला इकडेतिकडे पाहिलं.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी मी. म्हटलं, "बघू मला." सेन्सर बदलून पाहिला, ठीक. मागचं झाकण उघडलं. आतल्या बोर्डावर एका जोडापाशी तपकिरी डाग. माझ्या आयुष्यात मी असे शंभर डाग पाहिले असतील. "हे घ्या," मी म्हटलं, "बोर्ड गेलाय. गरम झाला की कांडीला पुरेशी वीज सोडत नाही. नवीन मागवा, तोवर हे यंत्र बंद." वीस मिनिटं लागली. मी हात पुसले आणि सगळ्यांकडे पाहिलं. शिकवायची खुमखुमी फार वाईट.

सिस्टरचा चेहरा पडला. नवा बोर्ड यायला दीड महिना लागतो आणि दुसरं वॉर्मर तालुकाभरात मोकळं नव्हतं. प्रल्हादसर माझ्याशी वाद घालत बसले नाहीत. एवढंच म्हणाले, "मॅडम, ग्रेस उद्या बसन म्हणते. बसू द्या."

"बसू दे की," मी म्हटलं. "मीही बसते. तुमच्या नेमात वेळ किती वाया जातो ते मला नोंदवायचंच आहे."

तिथेच, बुधवार

आठ वाजता आम्ही दोघी भिंतीला लागून दोन स्टुलांवर बसलो. दुसरं वॉर्मर नव्हतं म्हणून डॉक्टरांनी हेच चालू ठेवलं होतं आणि सांगितलं होतं, अर्ध्या अर्ध्या तासानं काखेत थर्मामीटर लावा, अलार्म झाला की बाळ लगेच आईजवळ. बाळ मुठीएवढं होतं, टोपरं घातलेलं, झोपलेलं.

पहिला तास मी यंत्राकडे पाहिलं. दुसऱ्या तासात माझी पाठ दुखायला लागली. तिसऱ्या तासात मी मोबाईल काढला. ग्रेस मात्र जशी बसली तशीच बसली होती, हात मांडीवर, डोळे उघडे. ती नुसतं यंत्र बघत नव्हती. कोण आलं, कोण गेलं, दार कधी उघडलं, पंखा कुणी वाढवला, सगळं बघत होती. लोक सुरुवातीला तिच्याकडे टकामका पाहत होते. अकरा वाजेपर्यंत ती त्यांना भिंतीचाच भाग वाटू लागली. नातेवाईक तिच्या डोक्यावरून डबे देऊ-घेऊ लागले.

साडेबाराला सिस्टरला बाळंतपणाच्या खोलीतून बोलावणं आलं. उकाडा असा की श्वासही गरम. मी पदरानं वारा घेत होते, तेवढ्यात गार झुळूक आली. वॉर्डातल्या आया सुलोचनाबाई, सगळ्यांच्या मावशी, चाकांच्या स्टँडवरचा मोठा कूलर फिरवत होत्या. बाईंना माया फार. "बसून बसून वाळून गेल्या असान तुमी," त्या म्हणाल्या. "थांबा, कूलर इकडं करतो." तिकडच्या बायका स्वतःबद्दल 'करतो, जातो' असंच बोलतात, ऐकायला मोठं गोड वाटतं. मी मनापासून म्हटलं, "देव तुमचं भलं करो मावशी," आणि पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घातलं.

दहा मिनिटांनी अलार्म वाजला.

मावशींनी झटकन कूलर पूर्वीच्या जागी फिरवला, बाळाला उचलून आईकडे दिलं आणि दाराकडे तोंड करून हाक मारली, "सिस्टर, मशीन पुन्हा बिघडली वो." सिस्टर धावत आली तेव्हा कूलर जिथल्या तिथे होता.

मी ग्रेसकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, मावशींकडे पाहत होती. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मावशी कूलर माझ्याकडे फिरवत नव्हत्या. माझ्या आणि त्यांच्या मधे बाळ होतं. महिनाभर रोज दुपारी, सिस्टरचा डोळा चुकवून, त्या बाळावर गार हवा सोडत होत्या. बाळाची कातडी गार पडे, यंत्र बिचारं जिवाच्या आकांतानं तापे आणि शेवटी ओरडे. त्यात काडीचा बिघाड नव्हता. बोर्डावरचा डाग जुना होता, निरुपद्रवी होता. आणि मी, सव्वीस वर्षांच्या अनुभवाची, त्याच गार झुळुकीत बसून मावशींना आशीर्वाद दिला होता.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ग्रेस उठली नाही. दोन वाजायला अजून तासाहून जास्त वेळ होता, तो तिनं पूर्ण केला. मी काही सांगायला तोंड उघडलं तर तिनं नुसती मान हलवली, नाही. मीही बसले. त्या तासाभरात मला पहिल्यांदा वॉर्ड दिसला, खरंच दिसला.

दोन वाजता ती उठली. मला वाटलं आता सिस्टरला सांगेल. ती मावशींकडे गेली. त्यांचा हात धरून त्यांना वॉर्मरपाशी आणलं, त्यांची बाही वर केली आणि सेन्सर त्यांच्याच दंडाला चिकटवला. यंत्र चालू केलं. पडद्यावर आकडा स्थिर झाला. मग स्वतः कूलर त्यांच्याकडे वळवला.

मावशी आकड्याकडे पाहत राहिल्या. तो हळूहळू खाली येऊ लागला. वर कांडी लालबुंद झाली.

"हे तं उतरून राह्यलं," त्या म्हणाल्या.

"हो," ग्रेस म्हणाली. "तुमी मोठ्या हाय. तुमचं थोडंसं उतरते. बाळ लहान हाय."

बाकी काही समजवावं लागलं नाही. मावशी खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावला. "माय वो, एवढ्या उन्हाळ्यात लेकराच्या डोक्यावर आग लावून ठेवली, मले पाहावत नोतं," त्या रडत म्हणाल्या. "सिस्टर रागावन म्हणून लपून करो. म्या काय करून राह्यलो होतो, देवा." चव्वेचाळीस डिग्रीच्या गावात कुणाच्या जिवाला पटेल की बाळाला वरून विस्तव हवा? मलाही आईच्या जागी पटलं नसतं. कंपनीच्या माणसाच्या, माझ्या, कुणाच्याही पुस्तकात हा बिघाड लिहिलेला नाही. मायेचा बिघाड यंत्र उघडून सापडत नाही.

ग्रेस त्यांच्याशेजारी फरशीवर बसली. म्हणाली, "आमच्या गावी बायका खिडकी उघडतात. सेम." मावशी रडता रडता हसल्या. मग दोघींनी मिळून लाल रंगानं फरशीवर कूलरच्या चाकांची जागा आखली, आणि तिथून कूलर कुणी हलवायचा नाही याची राखण मावशींनी स्वतःकडे घेतली. "आता कोणी हात लावला तं माह्याशी गाठ हाय," त्या म्हणाल्या, आणि हे त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं.

संध्याकाळी वॉर्मर शांत होतं. बाळ झोपलं होतं. मी त्या कोपऱ्यात उभी राहून कितीतरी वेळ पाहत होते. चांगली यंत्रं मी खूप पाहिली आहेत, मोठमोठे प्रोफेसर पाहिले आहेत. पण माझी मान आपण होऊन खाली जावी असं शिक्षण मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

जीपमध्ये मी सरांना विचारलं, "तुम्हाला काल शंका आली होती. मला अडवलं का नाहीत?"

"तुमी पाहुण्या," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "अन् मले बी माहीत नोतं. बसल्याशिवाय कसं माहीत होईन?"

मी काय लिहिणार ते त्यांनी विचारलं नाही. निघताना याडीनं सोबत रोडगे बांधून दिले आणि ग्रेसनं दुपट्टा नीट बांधून दिला.

पुणे

घरी आल्यावर जुना अहवाल फाडणं सोपं होतं. नवा लिहिणं अवघड गेलं. चौदातली नऊ उपकरणं नाहीत हे खरंच होतं, ते लपवता येणार नव्हतं. मग ही संस्था मान्यतेला लायक कशी, हे समितीला कशानं पटावं? माझ्याकडे एकच पुरावा होता, आणि तो म्हणजे माझी चूक. ती लिहायची तर सव्वीस वर्षांच्या नावाला बट्टा. न लिहायची तर ग्रेस भांडारात. दोन दिवस मी 'एका तपासनीसाने' असं लिहून पाहिलं, 'एका अनुभवी तज्ज्ञाने' असं लिहून पाहिलं. तिसऱ्या दिवशी 'मी' लिहिलं आणि पाठवून दिलं.

समितीची बैठक ऑनलाइन झाली. सात चौकटींत सात देशांची सात माणसं. अध्यक्ष म्हणजे एक वयस्कर, काटेकोर गृहस्थ. त्यांनी अहवालातला तो उतारा वाचून दाखवला आणि चष्म्यावरून पाहत विचारलं, "चांगलं चालणारं यंत्र बंद करायला सांगणाऱ्या इंजिनियरच्या शिफारशीवर आम्ही विश्वास का ठेवावा?"

मी म्हटलं, "माझ्यावर नका ठेवू. मी आणि ग्रेस एकाच खोलीत, एकाच वेळी बसलो होतो. मला गार वाटलं आणि तिला कळलं. तिला हे ज्यांनी शिकवलं ते यवतमाळ जिल्ह्यात आहेत. नऊ उपकरणं आपण वर्षभरात मिळवून देऊ शकतो. हे आपल्यापैकी कोण शिकवतं?"

मग अध्यक्षांनी मत घेतलं. सातपैकी सहा हात वर झाले. मान्यता दोन वर्षांसाठी, उपकरणं पुरी करण्याच्या अटीवर, चालू तुकडीपासून लागू.

मी तसाच फोन उचलला. दुपारचे बारा वाजून गेले होते. प्रल्हादसरांनी ऐकलं. मग पुन्हा एकदा, सावकाश सांगायला लावलं.

"ग्रेसला द्या ना फोन," मी म्हटलं. "मला तिला सांगायचंय."

"ग्रेस दवाखान्यात हाय मॅडम. सक्शनपाशी बसून हाय, सकाळपासून," सर म्हणाले. "दोन वाजता उठन. तवा तुमीच सांगा."

एवढी बातमी, तिच्या सगळ्या आयुष्याची, आणि ते तिला उठवणार नव्हते. मी घड्याळात पाहिलं, फोन मांडीवर ठेवला आणि दोन वाजेपर्यंत बसून राहिले.